सॅन फ्रान्सिस्को डाउनटाउनमधलं रस्त्यावरचं पार्किंग : पैसे कशाचे आणि ते वसूल होतात का?

युनियन स्क्वेअरच्या आसपास, पोस्ट किंवा सटर स्ट्रीटवर भर दुपारी गाडी लावायची तर तासाला काही डॉलर मोजावे लागतात. बे एरियात नव्याने आलेल्या मराठी माणसाला ते खटकतंच. रस्ता सरकारी, कर आपण भरतो, मग गाडी उभी करायचे पैसे कशाचे? उत्तर सरळ आहे. तुम्ही कोपऱ्यावरून वळलात आणि समोर एक जागा रिकामी दिसली, त्या रिकामेपणाचे ते पैसे. जागा फुकट असती तर सकाळी आठलाच कुणीतरी ती अडवली असती आणि संध्याकाळपर्यंत सोडली नसती. म्हणून या सेवेला कसोटी एकच लावायला हवी. पैसे मोजायची तयारी असलेल्या माणसाला ब्लॉकवर, म्हणजे दोन चौकांमधल्या रस्त्याच्या तुकड्यावर, एखादी तरी जागा मिळते का?

मीटर चालू असताना बहुतेक वेळा मिळते. त्यामुळे दर ठरवण्याच्या पद्धतीला पाचपैकी साडेचार, पैसे भरण्याच्या सोयीला चार. पाट्यांना मात्र दोनच, कारण इथे बरेच दंड पाट्या न कळल्यामुळे बसतात.

आधी हिशेब पाहू. समजा, एका ब्लॉकवर दहा जागा आहेत आणि दिवसभरात तिथे ऐंशी गाड्या लागतात. दहाही जागा सतत भरलेल्या असल्या तर येणारा प्रत्येक जण घिरट्या घालतो. प्रत्येकाची तीनच मिनिटं गेली असं धरलं तरी ऐंशी गुणिले तीन म्हणजे २४० मिनिटं झाली. एका ब्लॉकपायी रोज चार तास गाड्या नुसत्या फिरतात. ताशी दहा मैलांच्या वेगाने ते चाळीस मैल होतात, आणि ते सगळे अशा माणसांचे की ज्यांचं लक्ष समोरच्या पादचाऱ्याकडे नसून फुटपाथच्या कडेकडे आहे. त्यांच्यामागे बस अडकते. जागा मिळतच नाही म्हटल्यावर कुणीतरी दिवे लुकलुकत ठेवून लावलेल्या गाड्यांच्या शेजारी रस्त्यातच गाडी उभी करतो आणि एक अख्खी लेन बंद पडते. दहापैकी दोन जागा रिकाम्या राहिल्या की यातलं बरंचसं थांबतं. दहाऐवजी आठच जागा भरलेल्या राहायला जेवढा दर लागतो, तेवढाच योग्य. त्याहून जास्त लावला तर जागा ओस पडतात आणि दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटतं.

मीटर ही कल्पना जुनी आहे. पहिला मीटर ओक्लाहोमा सिटीत जुलै १९३५ मध्ये बसला, तोही दुकानांसमोरच्या गाड्या हलत्या राहाव्यात म्हणूनच. पण पुढे बहुतेक शहरांनी एकदा दर लावला आणि वर्षानुवर्षं तोच ठेवला. सॅन फ्रान्सिस्कोने तिथेच वेगळी वाट धरली. एप्रिल २०११ मध्ये शहराच्या वाहतूक संस्थेने ‘एसएफपार्क’ हा प्रयोग सुरू केला. डाउनटाउन, सिव्हिक सेंटर, मिशन, फिशरमन्स वॉर्फ असे सात भाग, सुमारे ७,००० मीटर आणि शहराच्या मालकीची बहुतेक गॅरेज त्यात होती. नियम उघड होता. ब्लॉक ८० टक्क्यांहून जास्त भरलेला असेल तर दर तासाला २५ सेंटने वाढणार. ६० ते ८० टक्के असेल तर आहे तसाच. ६० च्या खाली गेला तर २५ सेंट कमी, आणि फारच रिकामा असेल तर ५० सेंट कमी. किमान २५ सेंट, कमाल ६ डॉलर. दर साधारण दोन महिन्यांनी फिरवायचा आणि दिवसाचे तीन तुकडे करायचे: उघडल्यापासून बारापर्यंत, बारा ते तीन, तीननंतर. त्यामुळे एकाच ब्लॉकवर सकाळी स्वस्त, दुपारी महाग असं होऊ शकतं, आणि दोन गल्ल्या पलीकडे भाव वेगळाच असतो.

बहुतेकांना वाटलं होतं की हे दर वाढवायचं निमित्त आहे. २०१४ मध्ये प्रयोगाचा अहवाल आला तेव्हा मीटरचा सरासरी दर २.६९ डॉलरवरून २.५८ वर, म्हणजे खाली आलेला होता. गॅरेजचा ३.४५ वरून ३.०३ झाला होता. गजबजलेले ब्लॉक महागले, पण ओस पडलेले त्याहून जास्त संख्येने स्वस्त झाले. प्रयोगाच्या भागांत जागा शोधायला लागणारा वेळ ४३ टक्के घटला. जिथे प्रयोग नव्हता अशा तुलनेच्या भागांत तो १३ टक्केच घटला. शोधाशोधीतले मैल ३० टक्क्यांनी कमी झाले. आणि लोकांना सगळ्यात जवळचा आकडा म्हणजे, दर मीटरमागे दंडाच्या पावत्या २३ टक्के कमी झाल्या. कारण साधं होतं. नव्या मीटरला कार्ड चालू लागलं आणि एक-दोन तासांची मर्यादा बऱ्याच ठिकाणी चार तासांची झाली. दातांच्या डॉक्टरकडे दोन तास बसलेल्या माणसाला मध्येच उठून मीटरकडे धावायची गरज राहिली नाही.

एक गोष्ट फसली, तीही सांगायला हवी. जागा भरली आहे की नाही हे कळावं म्हणून रस्त्यात चुंबकीय सेन्सर पुरले होते. बॅटऱ्या संपायला लागल्या, आणि जिथे ट्रॉलीबसच्या विजेच्या तारा डोक्यावरून जातात तिथे सेन्सर चुकायचे. २०१३ च्या अखेरीस ते बंद केले. पण त्यामुळे पद्धत मोडली नाही. तोवर जमलेल्या माहितीवरून मीटरमध्ये पडणारे पैसे आणि ब्लॉक किती भरलेला आहे यांचं गणित बसवता आलं, आणि आता दर त्यावरूनच ठरतात. २०१८ पासून हीच पद्धत शहरभर लागू आहे. ज्या शहरांना सेन्सरच्या खर्चाने घाम फुटतो, त्यांनी एवढा भाग तरी जरूर पाहावा.

आता प्रत्यक्ष वापर. जुने एकेका जागेचे मीटर जाऊन बऱ्याच ठिकाणी त्यांच्या जागी ब्लॉकला एक-दोन पेटी-यंत्रं आली आहेत, आणि ती गाडीच्या नंबरवर चालतात. खांबावरच्या यंत्रात नंबरप्लेट टाकायची, वेळ निवडायची, कार्ड किंवा नाणी द्यायची. काचेमागे पावती ठेवायची गरज नाही, कारण तपासणारा प्लेटच वाचतो. म्हणूनच इथली सगळ्यात मोठी चूक प्लेटमधलं एक अक्षर चुकणं ही आहे. पैसे गेलेले असतात आणि दंडही बसतो. कॅलिफोर्नियाच्या नेहमीच्या मोटारींच्या प्लेटवर आधी एक अंक, मग तीन अक्षरं, मग तीन अंक अशी रचना बहुतेक दिसते. अशा प्लेटवर मधल्या तिघांत गोल दिसला तर ते अक्षर ‘ओ’, आणि शेवटच्या तिघांत गोल दिसला तर शून्य, असं बिनधास्त धरावं. भाड्याच्या गाडीची प्लेट तोंडपाठ नसते, तेव्हा उतरल्याबरोबर मागच्या प्लेटचा फोटो काढून ठेवावा. प्लेट बघायला परत मागे जायचा आळस होतो आणि तिथेच अक्षर चुकतं.

त्याहून बरी सोय पेबायफोन या ॲपची. स्टिकरवरचा ठिकाणाचा क्रमांक ॲपमध्ये टाकायचा आणि वेळ निवडायची. थोडं सेवाशुल्क पडतं, पण वेळ संपत आली की फोनवर सूचना येते आणि जेवणाच्या टेबलावरून वेळ वाढवता येते. ठिकाणाचा क्रमांक शेजारच्या ब्लॉकचा पडला तर दर चुकीचा लागतो आणि नोंदही चुकीच्या जागेची होते, म्हणून तो स्टिकरवरूनच वाचावा, ॲप जीपीएसने सुचवेल त्यावर विसंबू नये. वेळ वाढवता येते ती त्या जागेच्या मर्यादेपर्यंतच. दोन तासांची जागा असेल तर पुन्हा पैसे भरून तिथेच चार तास बसता येत नाही.

यंत्र बिघडलं असेल तर? २०१४ पासून कॅलिफोर्नियाचा कायदा वाहनचालकाच्या बाजूने आहे. बंद मीटरपाशी पाटीवर लिहिलेल्या मर्यादेइतका वेळ फुकट उभं राहता येतं. पण ‘बंद’चा अर्थ कोणत्याच प्रकारे पैसे न घेणारं यंत्र असा आहे. नाण्याची खाच अडकली आणि कार्ड चालतंय, तर ते चालू समजलं जातं. यंत्राचा क्रमांक आणि पडद्यावरचा संदेश यांचा फोटो घ्या आणि शहराच्या ३११ या तक्रार क्रमांकाला कळवा. दंड आलाच तर तक्रार करताना हेच दोन पुरावे लागतात.

वेळा: बहुतेक मीटर सोमवार ते शनिवार सकाळी ९ ते संध्याकाळी ६. फिशरमन्स वॉर्फ आणि एम्बार्काडेरोच्या बाजूला रविवारीही चालू असतात. ओरॅकल पार्क या बेसबॉल मैदानाच्या परिसरात सामन्याच्या दिवशी दर चढतो आणि वेळ रात्रीपर्यंत लांबते. सुट्ट्यांचा घोटाळा दर वर्षी होतो. थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि १ जानेवारी हे तीनच दिवस मीटरला सुट्टी असते. प्रेसिडेंट्स डे, मेमोरियल डेला ऑफिस बंद असलं तरी मीटर चालू असतो.

पाट्यांना दोनच गुण का, ते आता. डाउनटाउनच्या एका खांबावर खालून वर तीन-चार पाट्या असतात, आणि त्या एकत्र वाचल्याशिवाय अर्थ लागत नाही. सगळ्यात वरची बहुधा लाल अक्षरांची, ‘टो-अवे’, गर्दीच्या वेळेची. बुश, पाइनसारख्या रस्त्यांवर सकाळी किंवा संध्याकाळी कडेची लेन वाहतुकीसाठी मोकळी करतात. दुपारी तुम्ही रीतसर पैसे भरून लावलेली गाडी त्या वेळेला तिथेच दिसली तर उचलतात. त्याची किंमत साध्या दंडाच्या कितीतरी पट, उचलण्याचे आणि ठेवण्याचे मिळून पाचशे डॉलरच्या पुढे जाते. नवी यंत्रं या वेळेपलीकडचे पैसे सहसा घेत नाहीत, पण तुम्ही उशिरा परतलात तर यंत्र काय करणार? दुसरी पाटी रस्ता झाडण्याची. तिसरी मालवाहू गाड्यांची. फायनान्शियल डिस्ट्रिक्टमध्ये कडेच्या बऱ्याच जागा सकाळी फक्त व्यापारी नंबरप्लेटच्या गाड्यांना असतात आणि दुपारनंतर सर्वांना खुल्या होतात. साडेअकराला रिकामी दिसणारी रांग ही कुणाच्या नशिबाची नसते, ती ट्रकसाठी राखलेली असते. पाटी वाचताना क्रम असा ठेवावा: आधी टो, मग झाडू, मग कुणाची गाडी, सर्वांत शेवटी किती तास.

कडेचा रंगही पाटीइतकाच बोलतो. लाल म्हणजे थांबूच नका, पिवळा माल चढ-उतारासाठी, पांढरा माणसं सोडण्या-घेण्यासाठी पाच मिनिटं, हिरवा थोड्या वेळासाठी, निळा अपंगांसाठी. रंग नसला तरी झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडचे २० फूट सोडायचे, हा राज्याचा नियम १ जानेवारी २०२४ पासून आहे. वीस फूट म्हणजे एका मोठ्या गाडीची लांबी आणि वर थोडं.

आणि चाकं. या शहरात तीन टक्क्यांहून जास्त उतार असेल तर पुढची चाकं वळवून कडेला टेकवणं सक्तीचं आहे. तीन टक्के म्हणजे शंभर फुटांत तीन फूट, डोळ्यांना तो रस्ता जवळजवळ सपाटच दिसतो, आणि दंड नेमका तिथेच बसतो. डावं-उजवं पाठ करू नका, कारण डाउनटाउनचे अनेक रस्ते एकेरी आहेत आणि गाडी डाव्या कडेलाही लागते. लक्षात ठेवायचं ते कडेच्या हिशेबाने. गाडीचं तोंड उताराला असेल तर चाकं कडेकडे. तोंड चढाला असेल तर चाकं कडेपासून लांब वळवायची, ब्रेक सैल करून गाडी इंचभर मागे येऊ द्यायची आणि टायरची मागची बाजू कडेला टेकली की हँडब्रेक ओढायचा. टेकवलं नाही तर नुसतं वळवून उपयोग नाही. ब्रेक सुटला तर गाडी कडेला अडावी यासाठीच तर हे आहे.

दुचाकीवाल्यांसाठी वेगळे छोटे मीटर आहेत आणि त्यांचा दर मोटारीच्या मानाने फारच कमी आहे. स्कूटर आणून मोटारीच्या जागेचे पैसे भरणारे लोक दिसतात. कोपऱ्यांवर आडव्या रेघांच्या अरुंद जागा शोधा.

रस्ता की गॅरेज? एक-दीड तासाचं काम असेल तर रस्ता. तीन तासांच्या वर जाणार असाल तर सटर-स्टॉकटन किंवा फिफ्थ अँड मिशनसारखं शहराचं गॅरेज. चायनाटाउनला पोर्ट्समथ स्क्वेअर. रस्त्यावरच्या जागा थोडक्या वेळेच्या लोकांना मिळाव्यात म्हणून लांबच्या मुक्कामाला गॅरेजकडे वळवणं, हा या पद्धतीचा मुद्दाम ठेवलेला भाग आहे. दोन्हीकडे एक पथ्य सारखंच: सीटवर काहीही ठेवू नका, रिकामी पिशवीसुद्धा नको. काचा फोडणाऱ्याला पिशवी रिकामी आहे हे बाहेरून कळत नाही.

पैसे जातात कुठे, हा प्रश्न रास्त आहे. मीटर चालवणारी आणि म्युनीच्या बस-ट्राम चालवणारी संस्था इथे एकच आहे. मतदारांनी १९९९ मध्ये ती रचना मंजूर केली. त्यामुळे मीटरचं उत्पन्न शहराच्या वाहतुकीतच राहतं. लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडिना शहराने १९९३ मध्ये आणखी पुढे जाऊन ओल्ड पॅसाडिनातल्या मीटरचे पैसे त्याच भागातल्या फुटपाथ, दिवे, झाडांवर लावले, आणि विरोध करणारे दुकानदारच त्याच्या बाजूने झाले. सॅन फ्रान्सिस्कोत ते पैसे म्युनीत मिसळून जातात. खर्च योग्य ठिकाणी होतो, पण पोस्ट स्ट्रीटवरच्या दुकानदाराला दारात काहीच दिसत नाही. अर्धा गुण कापला तो यासाठी.

पुणेकरांना हे वाचताना आपली पी-१, पी-२ ची पाटी आठवेल. सम तारखेला एक बाजू, विषम तारखेला दुसरी. त्याने रस्त्याची एक बाजू मोकळी राहते, पण भरलेल्या बाजूवर जागा कशी मिळायची याचं उत्तर त्यात नाही. २०१८ मध्ये पुणे महापालिकेने पार्किंग धोरण मंजूर केलं तेव्हा विरोध इतका झाला की ते आधी पाच रस्त्यांवर करून पाहायचं ठरलं. विरोधाचं मूळ दरापेक्षा अविश्वासात होतं. आपल्याकडच्या पे अँड पार्कमध्ये सहसा सकाळी दहाला आणि संध्याकाळी सातला दर तोच, पावतीपुस्तक ठेकेदाराच्या माणसाच्या हातात, आणि पैसे गेल्यावर रस्त्यात काय बदललं ते कुणाला कळत नाही. सॅन फ्रान्सिस्कोकडून उचलायचं ते यंत्र नव्हे, तर दर कधी वाढेल आणि कधी उतरेल हे आधी छापून सांगणं. दर उतरूही शकतो हे लोकांनी एकदा पाहिलं की भांडण निम्मं होतं.

उणिवा दोन मोठ्या. पहिली निळ्या प्लॅकार्डची. कॅलिफोर्नियात अपंगांचं प्लॅकार्ड आरशाला लटकवलं की मीटरचे पैसे माफ आणि वेळेची मर्यादाही माफ. खऱ्या गरजूला जवळची जागा मिळालीच पाहिजे. पण पैसे माफ केल्यामुळे ज्याला गरज नाही त्यालाही प्लॅकार्ड मिळवायची ओढ लागते, आणि डाउनटाउनच्या काही ब्लॉकवर दिवसभर हलत नाहीत अशा गाड्यांच्या आरशांना तेच लटकलेलं दिसतं. किंमत किती फिरवा, त्या गाड्यांना ती लागतच नाही. यात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते खरोखर चालता न येणाऱ्या माणसाचं, कारण त्याला लागणारी जागा तिथेच अडलेली असते. ओरेगनमधल्या पोर्टलंडने २०१४ मध्ये सरसकट माफी बंद केली आणि व्हीलचेअर वापरणाऱ्यांना ती कायम ठेवली. कॅलिफोर्नियात मात्र हा राज्याचा कायदा आहे, एकट्या शहराच्या हातात नाही.

दुसरी रविवारची. जानेवारी २०१३ मध्ये शहराने रविवारी दुपारी १२ ते ६ मीटर चालू केले आणि व्यापारी भागांत रिकाम्या जागांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. जुलै २०१४ मध्ये ते बंद केले. तेव्हापासून रविवारी युनियन स्क्वेअरभोवती जो सकाळी लावतो तो हलत नाही, आणि दुपारी येणारा नुसता गोल फिरत राहतो. रविवारी दुपारी यायचं असेल तर रस्त्याकडे बघूही नका. सरळ गॅरेजमध्ये शिरा, नाहीतर गाडी घरी ठेवून बार्टने, म्हणजे बे एरियाच्या मेट्रोने, पॉवेल स्ट्रीटला उतरा.